चौथ्या डाऊनचा माणूस

अमेरिकेत पोचल्यावर दुसऱ्याच रविवारी मी पप्पांना फोन लावला.

"पप्पा, हे लोक चेंडू हातात घेऊन पळतात."

"मग रग्बी म्हण की."

"नाही, फुटबॉलच म्हणतात. पायानं मारणारा एक माणूस असतो, पण तो मधूनच कधीतरी येतो आणि लगेच जातो."

"मग त्यालाच बघ. बाकीच्यांचं आपल्याला काय."

आमचं घर कोल्हापूरचं. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पेठांची टीम, आणि सामना हरला की दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. पप्पा पाटाकडील तालमीचे, आईचं माहेर शिवाजी पेठेतलं, त्यामुळे त्यांच्या लग्नाला आंतरजातीय म्हणावं की काय असा विनोद आमच्याकडे दर दिवाळीत होतो. अशा घरातल्या मुलीने पायाने न खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये रस घ्यावा हे तसं पापच. पण पप्पांनी सांगितलं म्हणून मी त्या पायवाल्या माणसाला बघायला लागले, आणि पुढची चार वर्षं बघतच राहिले.

त्याला पंटर म्हणतात. आपल्याकडे पंटर म्हणजे भाईचा माणूस, किंवा सट्टा लावणारा. हा तसला नव्हे.

खेळ थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. संधीला डाऊन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्या चार. नाही झाले तर चेंडू आहे त्याच जागेवर समोरच्यांना मिळतो. आता समजा तीन डाऊन वाया गेल्या, अजून सात यार्ड बाकी आहेत आणि तुम्ही स्वतःच्याच अर्ध्यात अडकला आहात. चौथी खेळून फसलात तर प्रतिस्पर्ध्याला तुमच्या दारातच चेंडू मिळणार. म्हणून मग पंटरला बोलावतात. तो पंधरा यार्ड मागे उभा राहतो, पुढचा गडी दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, हा तो झेलतो, हातातून सोडतो आणि जमिनीवर पडायच्या आत लाथ घालतो. चेंडू आकाशात. म्हणजे चेंडू द्यायचा तर आहेच, पण जितक्या लांब देता येईल तितक्या लांब द्यायचा.

झेलण्यापासून लाथेपर्यंत सव्वा-दीड सेकंद. तेवढ्यात समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असतात. लाथ मारली की तो कडेला जाऊन बसतो. लोक त्या वेळात फ्रिजकडे जातात.

हे सगळं मला शिकवलं माझ्या घरमालक आजोबांनी. न्यू ऑर्लिन्सपासून गाडीने साडेतीन तासांवरच्या एका विद्यापीठात मी पीएचडीला होते आणि त्यांच्या घरामागच्या खोलीत राहत होते. तोंडावर मी त्यांना 'सर' म्हणायचे, मनात आजोबाच. रविवारी दुपारी ते मला पुढच्या खोलीत बोलवायचे, स्वतःसाठी बीअर आणि माझ्यासाठी बर्फाचा गोड चहा आणायचे आणि टीव्ही लावायचे. गोड चहा बर्फ घालून पितात हे मी आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जेवलीस काय?"

आजोबांच्या दैवतांमध्ये एक पंटर होता. रे गाय.

जॉर्जिया राज्यातला मुलगा, जन्म १९४९चा. सदर्न मिसिसिपी विद्यापीठात तो पंटिंग तर करायचाच, पण बचावफळीत खेळून समोरच्यांचे पास हवेत पकडायचा, आणि वर बेसबॉलचा पिचर. १९७२ साली युटामध्ये बर्फ पडत असताना त्याने ६१ यार्डांवरून गोल मारला होता. पुढच्या वर्षी ओकलंड रेडर्स संघाने त्याला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत, तेविसाव्या क्रमांकावर उचललं. ड्राफ्ट म्हणजे साधारण आपल्या आयपीएलच्या लिलावासारखं, फक्त बोली नसते, पाळी असते. पहिल्या फेरीची पाळी ही सोन्यासारखी. ती त्याआधी कोणी कधी पंटरवर खर्च केली नव्हती. दिवसातून चार-पाच वेळा लाथ मारायला येणाऱ्या माणसावर पहिली फेरी? लोकांना वाटलं, रेडर्सचा मालक अल डेव्हिस येडा झालाय.

रे गाय चौदा मोसम खेळला. २०७ सामने, एकही न चुकवता. १०४९ पंट, मिळून ४४,४९३ यार्ड. मी गणित करून बघितलं, चाळीस किलोमीटरच्या वर होतात, मॅरेथॉनला थोडंसंच कमी. दुसरं गणित जास्त मजेशीर आहे. चेंडू निघाल्यापासून लाथ बसेपर्यंत दोन सेकंद धरली, तर १०४९ वेळा दोन सेकंद म्हणजे पस्तीस मिनिटं. चौदा वर्षांत खरं काम पस्तीस मिनिटांचं. (काही वर्षं तो डाव सुरू करतानाची किकही मारायचा, ते धरलेलं नाही. आणि सरावाचे तास कोण मोजणार.)

पण त्या पस्तीस मिनिटांनी खेळ बदलला. तोवर पंट म्हणजे किती यार्ड गेला एवढंच बघायचे. रे गायचा चेंडू इतका उंच जायचा की तो खाली येईपर्यंत त्याचे सोबती धावत जाऊन झेलणाऱ्याच्या डोक्यावर उभे असायचे. झेलला तरी पळणार कुठे? चेंडू हवेत किती सेकंद राहिला हे लोक घड्याळ लावून मोजायला लागले, आणि 'हँग टाइम' हा शब्द त्याच्यामुळे घरोघरी गेला. लाथ मारल्यावर त्याचा पाय स्वतःच्या डोक्याच्या वर जायचा. आजोबांनी मला जुनी चित्रफीत दाखवली. मला आधी वाटलं हा पडतोय.

१९७६ च्या प्रो बोल सामन्यात, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, त्याचा पंट छताखाली टांगलेल्या भल्यामोठ्या पडद्याला जाऊन लागला. पुढे एकदा ह्यूस्टनच्या संघाला संशय आला की याच्या चेंडूत हेलियम भरलेला असणार, आणि त्यांनी एक चेंडू तपासायला पाठवला. हेलियम वगैरे काही नव्हतं. ही गोष्ट ऐकून मी इतकी हसले की आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. कारण माझ्या पीएचडीचा विषय तोच होता. हेलियम नव्हे अगदी, पण वायू वेगळे करणारे पॉलिमरचे पातळ पडदे. हेलियमचा अणू एवढासा, तो बहुतेक पॉलिमरमधून हवेपेक्षा कितीतरी भराभर निसटतो. चेंडूच्या रबरी ब्लॅडरमध्ये भरला तर कालांतराने चेंडू मऊ पडेल आणि बदनामी वेगळीच. आजोबांना मी हे कागदावर आकृती काढून समजावलं. माझ्या संशोधनात शेवटपर्यंत खरोखर रस घेतलेला तो एकच माणूस.

*

आता माझी गोष्ट.

मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेले. मार्चमध्ये करोना आला, प्रयोगशाळा बंद. उघडली तेव्हा आळीपाळीने जायचं, दिवसातले चार तास. माझे पडदे बनायचे, सुंदर दिसायचे, आणि दाब दिला की गळायचे. पिनहोल. डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. एक छिद्र असलं तरी सगळा पडदा वाया, कारण वायू काही चांगल्या जागेतून जायला थांबत नाही, तो छिद्रातून जातो. दीड वर्ष मी छिद्रं शोधत होते. मग ती कमी झाली, तेव्हा पडदे महिनाभरात म्हातारे व्हायचे, वायू जाणंच मंदावायचं. यालाही शास्त्रीय नाव आहे आणि त्यावर शंभर पेपर आहेत, पण शनिवारी रात्री अकरा वाजता प्रयोगशाळेत एकटी असताना शंभर पेपर काही कामाचे नसतात.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये माझ्या गाइडने सांगितलं की ते कंपनीत जाताहेत. डिसेंबरपर्यंत आहेत. विभागाने दोन पर्याय दिले. दुसऱ्या प्राध्यापकांकडे जा, विषय नवा, साधारण तीन वर्षं धरून चल. किंवा मास्टर्सची पदवी घे आणि बाहेर पड.

ते माझं चौथं वर्ष होतं. हा योगायोग मी जुळवलेला नाही, पण आजोबांच्या तो लगेच लक्षात आला. "फोर्थ डाऊन," ते म्हणाले, आणि मग स्वतःच ओशाळले.

अमेरिकन बोलण्यात 'पंट' हे क्रियापद आहे. एखादा निर्णय टाळला, नंतरवर ढकलला, कोणाच्या तरी गळ्यात मारला, की त्याने पंट केलं म्हणतात. चांगल्या अर्थाने म्हणत नाहीत. रे गायसारखा माणूस होऊन गेल्यावरही ते क्रियापद सुधारलेलं नाही. त्या दोन महिन्यांत मी ते स्वतःबद्दल रोज वापरत होते.

त्यात भर म्हणून मला डेव्हिड रोमर यांचा पेपर सापडला. हे बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ. २००६ साली त्यांनी आकडेवारीवरून दाखवलं की संघ चौथ्या डाऊनला गरजेपेक्षा फार जास्त वेळा पंट करतात. बऱ्याच ठिकाणी सरळ खेळणं फायद्याचं असतं. मग प्रशिक्षक खेळत का नाहीत? याची एक उघड शक्यता अशी की खेळून फसलं तर शिव्या प्रशिक्षकाला बसतात, आणि पंट करून हरलं तर कोणी काही म्हणत नाही. सगळे तसंच करतात. अर्कान्सॉमध्ये एका शाळेचा प्रशिक्षक, केव्हिन केली, तर जवळजवळ कधीच पंट करायचा नाही आणि राज्याच्या स्पर्धा जिंकायचा. हळूहळू व्यावसायिक संघांनाही हे पटलं आहे. आता पंट कमी होत चालले आहेत.

हा पेपर मी रात्री दोन वाजता वाचला आणि उठून बसले. म्हणजे मी जो शहाणपणा समजत होते तो भित्रेपणा असू शकतो, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. थांबून नवा विषय घेणं हे चौथी डाऊन खेळणं. पण मग असंही वाटलं, की थांबण्यामागे तरी माझं धाडस होतं का? कोल्हापुरात पप्पांच्या मित्रांनी मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला सुरुवात केली होती. गल्लीच्या गणपतीच्या फ्लेक्सवर माझा फोटो लागला होता, खाली 'अमेरिकेत संशोधन'. मी राहिले असते तर त्या फ्लेक्ससाठी राहिले असते. ते खेळणं नव्हे, तेही घाबरणंच.

रोमरच्या गणितात प्रत्येक निर्णयाला मैदानावरची जागा लागते. किती यार्ड बाकी आहेत, कुठे उभे आहात. मला माझी जागाच कळत नव्हती.

३ नोव्हेंबरला रे गाय गेला. ७२ वर्षांचा होता. त्या रविवारी आजोबांनी सामना लावलाच नाही, त्याच्याबद्दलच बोलत बसले. १९८४ च्या सुपर बोलची गोष्ट त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितली. मागे फेकलेला चेंडू डोक्यावरून चालला होता, गेला असता तर समोरच्यांना आयता मिळाला असता. गायने उडी मारून तो एका हाताने खाली ओढला आणि काही झालंच नाही अशा थाटात लाथ घातली. रेडर्स तो सामना ३८-९ असा जिंकले. धावफलकावर त्या झेलाची कुठे नोंद नाही.

मग त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. निवृत्तीनंतर गायचं दिवाळं निघालं होतं. २०११ साली त्याने सुपर बोलच्या तिन्ही अंगठ्या लिलावात काढल्या. तिन्ही मिळून ९६,२१६ डॉलर आले. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव पुन्हा पुन्हा चर्चेला यायचं आणि मागे पडायचं. पंटरला तिथे घ्यायचं का, हा प्रश्न १९८६ मध्ये तो थांबल्यापासून २०१४ पर्यंत चालला. म्हणजे खेळला त्याच्या दुप्पट वर्षं वाट बघितली. २०१४ मध्ये घेतलं. फक्त पंटर म्हणून गेलेला पहिला.

"अंगठ्या विकल्यावर घेतलं," आजोबा म्हणाले. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

*

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही न्यू ऑर्लिन्सला गेलो, आजोबा, त्यांची बहीण आणि मी. सुपरडोमच्या बाहेर एक पुतळा आहे, 'रिबर्थ' नावाचा. कॅटरिना वादळात सुपरडोममध्ये हजारो लोक आसऱ्याला होते, छत फाटलं होतं. वर्षभराने, २५ सप्टेंबर २००६ ला, सेंट्स संघ तिथे परतून पहिला सामना खेळला. सुरुवातीच्या दीड मिनिटातच स्टीव्ह ग्लीसनने झेप घेऊन अटलांटाच्या संघाचा पंट अडवला. चेंडू गोलरेषेपलीकडे सेंट्सच्याच हाती लागला. आजोबा त्या दिवशी आत होते. आवाज कसा होता हे सांगायला लागले की त्यांना आजही नीट बोलता येत नाही. ग्लीसनला पुढे एएलएस झाला. तो झेप घेतोय असा पुतळा आहे.

सगळे ग्लीसनबरोबर फोटो काढतात. मी दुसऱ्या माणसाकडे बघत होते. कारण पुतळ्यात दोघं आहेत. लाथ मारणारा पंटरही आहे, त्याच्या अंगावर त्याच्या संघाची खूणसुद्धा नाही. त्याचं नाव मायकल कोनेन. एका शहराच्या पुन्हा उभं राहण्याचं स्मारक व्हावं म्हणून हा बिचारा कायमचा चुकतोय. रे गायने सलग ६१९ पंट एकही न अडवू देता मारले, त्याचा पुतळा कोणी असा बनवला नाही, आणि कोनेनचा एक अडला तर तो ब्राँझमध्ये गेला.

पण कोनेन त्यानंतर थांबला नाही. त्याच सामन्यात तो पुन्हा पंट मारायला आला, कारण दुसरं कोण मारणार? पुढे कितीतरी वर्षं तो मोठ्या लीगमध्ये खेळत होता. हे मी फोनवर तिथेच उभी राहून शोधलं. मला का कोण जाणे पण फार बरं वाटलं. पेपर वाचून जे झालं नाही ते त्या पुतळ्याच्या चुकणाऱ्या पायाकडे बघून झालं असं मी म्हणणार नाही, इतकं सोपं नसतं. पण परतीच्या वाटेवर, गाडीत मागच्या सीटवर, मी विभागाला ईमेल लिहिला. मास्टर्स घेते. आणि पाठवायच्या आधी पप्पांना फोन केला.

कोल्हापुरात सकाळचे सहा वाजले असतील. मी सगळं सांगितलं. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं, पुरुषासारखं क्रियापद लावून, "मी सोडतो, पप्पा." खूप वर्षांनी तसं बोलले.

ते बराच वेळ गप्प होते. आई मागून विचारत होती, काय म्हणतीया, काय झालं.

"किती दिवस झालं झोपली नाहीस?" पप्पांनी विचारलं.

"सप्टेंबरपासून."

"मग आधी झोप." आणि थोड्या वेळाने, "फ्लेक्स दोन वर्षांमागचाच हाय. पावसात गेला तो."

*

मास्टर्सवर मला ओहायोमध्ये, अॅक्रनजवळ, नोकरी लागली. अॅक्रन हे एके काळचं टायरांचं शहर, रबर आणि पॉलिमरवाल्यांची पंढरीच म्हणा. मी पाणी गाळणाऱ्या पडद्यांवर काम करते. ते गळतात का हे तपासणं हाच माझा कामाचा बराचसा भाग आहे, आणि छिद्रं शोधण्यात मी ऑफिसमध्ये सगळ्यात तरबेज आहे. याचं श्रेय कुठल्या पदवीला द्यायचं मला माहीत नाही. कधीतरी एखादा पेपर बघते, खाली माझ्या बरोबरीच्या मुलींची नावं असतात, त्यांच्यामागे आता डॉक्टर लागतं. तो दिवस वाईट जातो. दुसऱ्या दिवशी कामावर जाते.

अॅक्रनहून कँटन अर्ध्या तासावर आहे, आणि प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम कँटनमध्ये. गेल्या उन्हाळ्यात आई-पप्पा आले तेव्हा त्यांना नायगारा दाखवला, आणि मग पप्पा म्हणाले, तुझा तो लाथ मारणारा कुठं असतोय ते दाखव.

आत एक मंद उजेडाची खोली आहे, ओळीने ब्राँझचे मुखवटे मांडलेले. म्हणजे फक्त डोकं आणि खांदे. शेकडो आहेत. पप्पा एकेकासमोर थांबून नाव वाचायला लागले, जणू सगळ्यांना ओळखतात. आई बाकावर बसली. रे गाय सापडायला आम्हाला वीस मिनिटं लागली.

पप्पा त्याच्याकडे बघत राहिले. वाकून खालून बघितलं, बाजूने बघितलं.

"हाच काय?"

"हाच."

"अगं पण पाय कुठाय ह्याचा?"